बुडाखालचा तिसरा भाग

मुलांनो, एक गंमत करून बघा. घरातली सगळ्यांत जाडजूड पुस्तके गोळा करा, एकावर एक रचा आणि त्या चवडीवर हळूच बसा. आई ओरडली तर लगेच उठा. पण ओरडेपर्यंत बसून घ्या. बसलात? आता कल्पना करा, की तुमच्यासमोरून रस्ता वाहतो आहे. पाठीशी एका बंद गोदामाची भिंत, डाव्या हाताला विजेचा खांब, पायाशी निळे प्लास्टिक आणि त्यावर पुस्तकेच पुस्तके. अंगात कोपरांवर विरलेला स्वेटर, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि हातात सकाळचे वर्तमानपत्र. झाले! तुम्ही आता रस्त्यावर जुनी पुस्तके विकणारे आजोबा झालात.

या आजोबांना सगळा रस्ता 'संपादक' म्हणत असे. त्यांनी कुठलेही वर्तमानपत्र कधी चालवले नव्हते. पण जगात काल जे काही घडले ते बरोबर झाले की चूक, हे लोकांना दुसऱ्या दिवशी सकाळी संपादकांकडून कळत असे. भाववाढीची बातमी आली की ते म्हणत, "भाव शिडीनं वर चढतात आणि वर गेले की शिडी ओढून घेतात. मग बिचारे उतरणार कसे?" पावसाचा अंदाज चुकला की म्हणत, "अंदाज बरोबरच होता हो, पाऊस चुकला." नव्या पुलाचे काम रखडले की म्हणत, "या लोकांनी आधी उद्घाटनाची कात्री आणली. पूल आणायचा राहिला."

पुस्तके मांडण्याचेही त्यांचे एक शास्त्र होते. सगळ्यांत पुढे परीक्षेची गाइडे. "भीतीसारखा खपणारा माल नाही," असे त्यांचे मत. त्यांच्यामागे स्वयंपाकाची आणि वजन कमी करण्याची पुस्तके शेजारी शेजारी, कारण एक घेणारा दुसरे घेतोच. कादंबऱ्या भिंतीच्या कडेला, सावलीत. आणि कविता खांबाजवळ, कारण कविता विकत घेणारा माणूस आधी बराच वेळ कशाला तरी टेकून उभा राहतो.

माणूस मनाने मोठा होता. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला नोकर रोज जेवणाच्या सुटीत येऊन एकच जाडी रहस्यकथा उभ्याउभ्या वाचत असे आणि पान लक्षात राहावे म्हणून बसचे तिकीट घालून ठेवत असे. संपादकांना ते दिसत होते. पण ती रहस्यकथा दुसऱ्या कुणी मागितली, तर ते तिच्यावर हळूच हात ठेवून म्हणत, "ही गेली हो. नेणारा यायचाय."

आता त्या बैठकीविषयी. कारण सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला.

पूर्वी संपादक जमिनीवर गोणपाट टाकून बसत. मुलांनो, रस्त्यावर खाली बसलेल्या माणसाला काय दिसते, ठाऊक आहे? चपला. दिवसभर नुसत्या चपला. घाईच्या चपला, फेंगड्या चपला, एक पट्टा तुटलेल्या चपला. चपलांशी काय बोलणार? म्हणून त्यांनी एकदा स्टूल आणले. पण तिथली फरशी अशी खचलेली, की स्टूल एका पायावर नाचू लागले. शेवटी त्यांनी वर्षानुवर्षे कुणीही न उचललेली जाड पुस्तके रचली : रद्द झालेले कायदे, बंद पडलेल्या टेलिफोनांच्या नंबरांची यादी, ज्या यंत्रांचे कारखानेच उरले नाहीत अशा यंत्रांची माहितीपुस्तके. सगळ्यांत खाली, खचलेल्या खड्ड्यात, एक तपकिरी बांधणीचा ठोकळा असा काही चपखल बसला की चवड हलेना की डुलेना. संपादक तिच्यावर बसले आणि त्यांना एकदम माणसांचे चेहरे दिसू लागले. चेहरे थांबू लागले. थांबलेल्या चेहऱ्यांशी काहीतरी बोलायला हवे, म्हणून ते बातम्यांवर बोलू लागले. म्हणजे आधी बैठक आली आणि मग मते आली. मोठ्या लोकांचेही बहुधा असेच होते.

त्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्याच पानावर बातमी होती. नगरसभेच्या अध्यक्षांनी खुर्ची सोडावी असा सभेने ठराव केला होता आणि अध्यक्ष काही खुर्ची सोडत नव्हते. संपादकांना असली बातमी म्हणजे पर्वणीच.

"माणूस खुर्चीपेक्षा मोठा पाहिजे," ते खांबाच्या पलीकडे बसणाऱ्या किल्लीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "लोकांनी 'ऊठ' म्हटलं की उठावं. एकदा म्हटलं की उठावं. दुसऱ्यांदा म्हणायची वेळ आणू नये."

किल्लीवाल्याच्या हातात कानस होती आणि स्वभावातही थोडी होती. तो किल्ली घासत म्हणाला, "बोलायला काय जातंय? बसल्यावर कळतं."

"मला नाही कळायचं. मी कुठल्या खुर्चीवर बसलोय?"

"आजोबा, तुम्ही बसलाय की," खारू म्हणाली.

खारू म्हणजे त्यांची नात. तिची आई धुलाईच्या कारखान्यात कामाला, म्हणून सकाळची शाळा सुटली की ही आजोबांकडे. पुस्तकांच्या चवडींवरून खारीसारखी तुरुतुरु चढते उतरते म्हणून तिचे नाव खारूताई आणि लाडाने खारू. एकही चवड तिने आजवर पाडली नव्हती.

"ही खुर्ची नाही, बैठक आहे," संपादकांनी तिला समजावले. "खुर्ची लोक देतात. ही माझी मी रचलीय."

एवढ्यात एक उंच, सडसडीत, पिकल्या केसांच्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. खांद्याला आडवी पट्ट्याची चामडी पिशवी. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टरकी करून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज काही निवृत्त झाला नव्हता.

"अहो पुस्तकवाले, 'खडकावरचा दिवा' आहे का? भाग तिसरा."

"नाही," संपादक न बघताच म्हणाले. "आणि असती तरी घेऊ नका म्हणालो असतो. हल्ली तीन-तीन भाग कशाला लिहितात? एका भागात मावत नसेल तर—"

"हल्लीची नाही ती. जुनी आहे. पहिला भाग कुणीतरी माझ्या बसमध्ये विसरून गेलं होतं. शेवटच्या स्टॉपवर गाडी थांबायची तेवढ्यात वाचून काढला आणि मग हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर जमा केला. नियम म्हणजे नियम. दुसरा वाचनालयात मिळाला. त्याच्या शेवटच्या पानावर काय होतं, माहितीये? दीपगृहातला दिवा विझलाय. बाप तापानं फणफणलाय. पोरगी काळोखात एकटी जिना चढतेय. आणि समोरून जहाज येतंय, त्यात तिचा भाऊ! संपला दुसरा भाग."

"अरे देवा," चहाची किटली घेऊन आलेल्या मावशी म्हणाल्या. या मावशी रस्त्यावरच्या सगळ्यांना चहा देत आणि चहाबरोबर सल्ला. "मग?"

"मग काय! तेव्हापासून माझं जहाज समुद्रात उभं आहे. नोकरी झाली, पोरं मोठी झाली, गुडघे गेले. जहाज आपलं तिथंच. आता रिकामी झालेय तर म्हटलं, आधी ते जहाज मार्गी लावावं."

संपादकांना वाईट वाटले. खरेच वाटले. "मिळालं तर ठेवीन हो तुमच्यासाठी," ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली आणि निघता निघता चपलेचा सुटलेला पट्टा लावायला त्या खाली वाकल्या. वाकल्या आणि तशाच राहिल्या. मावशींना वाटले, कंबर धरली. त्या किटली ठेवून धावणार, तेवढ्यात बाईंचा आवाज खालून वर आला :

"हा काय! अहो, हा काय इथं! तुमच्या बुडाखाली!"

सगळ्यांत खालच्या तपकिरी ठोकळ्याच्या कण्यावर, धुळीआडून, अक्षरे दिसत होती : खडकावरचा दिवा. भाग तिसरा.

"सापडलं!" खारूने टाळ्या वाजवल्या.

संपादक मात्र चवडीवर जरा सावरून बसले. "ते विकायचं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ते दुकानातलं नाही. बैठकीतलं आहे."

"पुस्तकावर बसतात होय कुणी?"

"वाचायला कुणी उचलेना, म्हणून बसायला घेतलं. निदान माझ्या तरी उपयोगी पडलं."

"आता मी उचलतेय ना! उठा बघू जरा."

खांबापलीकडे कानशीचा आवाज थांबला. किल्लीवाला आजवर इतक्या आनंदाने कधी उठून आला नव्हता. "काय झालं, बाई?" त्याने सगळे ऐकलेले असूनही विचारले.

"काही नाही. यांना उठायला सांगतेय."

"आणि हे?"

"उठत नाहीयेत."

"असं कसं?" किल्लीवाल्याने कमरेवर हात ठेवले. "संपादक, लोकांनी 'ऊठ' म्हटलं की काय करावं म्हणालात मघाशी?"

संपादकांचा चेहरा जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा पडला. "ती गोष्ट वेगळी आहे. मला काही बसायची हौस नाही. पण मी उठून खालचं पुस्तक काढलं तर वरचं सगळं कोसळेल. आणि उठायचं नाही असं मी म्हणतोय का? योग्य वेळी उठेन."

किल्लीवाल्याने त्यांच्या मांडीवरचे वर्तमानपत्र अलगद उचलले, लांब धरले आणि मोठ्याने वाचले : "'मला खुर्चीचा मोह नाही, पण मी उठलो तर सगळे कोसळेल. योग्य वेळी निर्णय घेईन.' हे अध्यक्ष म्हणतात. तुम्हाला विचारून छापलंय का हो, संपादक?"

मावशी इतक्या हसल्या की किटलीचे झाकण वाजू लागले. हसण्याचा आवाज ऐकून दोन माणसे थांबली. दोन माणसे थांबली म्हणून आणखी चार थांबली. मुलांनो, गर्दी अशीच जमते. पहिल्या माणसाला कारण माहीत असते, दुसऱ्याला पहिला माणूस दिसतो आणि बाकीच्यांना फक्त गर्दी दिसते.

"काय झालं?" मागून कुणीतरी विचारले.

"कुणीतरी खुर्ची सोडत नाहीये."

"अध्यक्ष? इथं आलेत?" आणि त्या भल्या माणसाने काही न बघता हात उंचावून आरोळी ठोकली, "खुर्ची सोडा!"

"खुर्ची सोडा!" आणखी पाच-सहा जणांनी साथ दिली. घोषणा म्हटली की गळा आपोआप मोकळा होतो.

"अहो, गप्प बसा," मावशींनी त्यांना दटावले. "म्हातारा माणूस आहे. बसू दे की त्यांना!"

"मग मी काय तरणीताठी आहे?" बाई म्हणाल्या.

झाले. रस्त्याचे दोन पक्ष पडले. 'उठा' म्हणणारे गाइडांच्या बाजूला आणि 'बसा' म्हणणारे स्वयंपाकाच्या पुस्तकांकडे. मधल्यामध्ये औषधाच्या दुकानातला नोकर जेवणाच्या सुटीत येऊन आपली रहस्यकथा उघडून उभा राहिला. 'उठा'वाल्यांना तो 'बसा'वाला वाटला आणि 'बसा'वाल्यांना 'उठा'वाला. दोन्हीकडून धक्के खात त्याने अर्धे प्रकरण संपवले. एका बाईने तर, काहीतरी वाटप चालले असावे अशा समजुतीने, कुणाच्या तरी मागे रांग लावली आणि तिच्यामागे आणखी काही जण शहाण्यासारखे उभे राहिले.

रांग वाढत वाढत रस्त्यावर उतरली. बस थांबली. बसचा ड्रायव्हर डोके बाहेर काढून ओरडला, "अहो, जरा सरका!" आणि मग बाईंना बघून जीभ चावून म्हणाला, "बाई, तुम्ही! मग चालू द्या."

शेवटी चौकातला हवालदार शिट्टी फुंकत आला. त्याने दोन्ही पक्षांचे ऐकून घेतले. दोन्ही पक्ष एकदमच बोलत असल्यामुळे त्याला काहीच कळले नाही. पण न कळलेल्या गोष्टीचाही निकाल द्यायची त्याला सवय होती.

"हे बघा," तो संपादकांना म्हणाला, "मी या चौकाला एक फेरी मारून येतो. तोवर ही गर्दी हटली नाही तर मला दुकान उचलायला लावावं लागेल. बुडाखालच्या पुस्तकासकट सगळं गाडीत. मग मला बोल लावू नका."

तो गेला. 'उठा' पक्षाचे उंचावलेले हात खाली आले. किल्लीवाल्याच्या चेहऱ्यावरचे हसू उतरले. चेष्टा करायची म्हणून केली होती. शेजाऱ्याचे दुकान जावे असे काही त्याला वाटत नव्हते. "संपादक," तो खालच्या आवाजात म्हणाला, "द्या टाकून. एका पुस्तकाची गोष्ट."

संपादकांनी चवडीची कड घट्ट धरली. खारू चवडीजवळ गेली आणि त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवून म्हणाली, "आजोबा, त्या औषधवाल्या दादाला तुम्ही फुकट वाचू देता. मग यांना का नाही देत?"

"खारू," संपादक इतक्या हळू म्हणाले की फक्त तिलाच ऐकू गेले, "ते पुस्तक निघालं की ही चवड काही तशी बसायची नाही. मला पुन्हा खाली बसावं लागेल. आणि खाली बसलं की नुसत्या चपला दिसतात गं."

खारू खाली बसली. खरेच बसली, त्यांच्या पायाशी, जुन्या गोणपाटावर. तिने समोर बघितले. एवढी मोठी गर्दी, पण तिला दिसल्या त्या चपला आणि बूट आणि एका रांगेत ताटकळलेले पाय. वरती सगळे बोलत होते, पण कोण काय म्हणते आहे ते कळत नव्हते. ती पटकन उठली.

"बैठक मोडायचीच नाही," ती म्हणाली. "खालचं पुस्तक काढायचं आणि तेवढ्याच जाडीचं दुसरं तिथं सारायचं."

"वा गं पोरी!" किल्लीवाला म्हणाला. "एक बाहेर, एक आत. कुलपाची किल्ली बदलावी तसं. संपादक, तुम्ही उठूही नका. बसल्या जागी काम करून देतो."

"पण तेवढ्याच जाडीचं मिळायला हवं," बाई म्हणाल्या.

खारूने तिसऱ्या भागाची जाडी आपल्या अंगठा आणि मधल्या बोटात पकडली, बोटे तशीच ताठ धरली आणि ती चवडींवरून तुरुतुरु निघाली. गाइडे पातळ. स्वयंपाकाची पुस्तके बुटकी. एक शब्दकोश जवळपास बसत होता, पण बोटे जरा फाकवावी लागत होती, आणि तेवढ्याने आजोबा तिरके झाले असते. भिंतीच्या कडेला, सगळ्या कादंबऱ्यांच्या मागे, जाड खाकी कागदाचे कव्हर घातलेला एक ठोकळा होता. तिने त्याच्यावर बोटे ठेवली. जराही कमी नाही, जराही जास्त नाही. जणू तिसऱ्या भागाच्याच मापाने बेतलेला. नाव वाचायला तिला सवड कुठे होती? शिट्टीचा आवाज चौकाच्या दुसऱ्या बाजूने येतच होता. ती ठोकळा उरापाशी धरून धावत आली.

"आता ऐका," बाईंनी सूत्रे हातात घेतली. "मी इकडून ओढते. किल्लीवाले, तुम्ही तिकडून सारा. मी बस सोडताना म्हणायची तसं 'डबल' म्हटलं की दोघांनी एकदम. पुस्तकवाले, तुम्ही वरच्या दांडीला धरा."

वर दांडी नव्हती. संपादकांनी खांबाला मिठी मारली.

"डबल!"

बाईंनी ओढले. किल्लीवाल्याने सारले. तिसरा भाग अर्धा बाहेर आला, खाकी ठोकळा अर्धा आत गेला. सगळी गर्दी श्वास रोखून बघत होती. रांगेतली बाई मान लांब करून, "माझ्यापर्यंत येईल ना?" असे विचारत होती. सगळे ठीक होते. पण मुलांनो, चवडीच्या पोटात काय चालले आहे, हे वरून दिसत नाही. किल्लीवाला जरा जास्त जपून सारत होता आणि बाई जरा जास्त जोराने ओढत होत्या. रद्द झालेले कायदे सरकले. टेलिफोनांची यादी डावीकडे गेली, यंत्रांची माहिती उजवीकडे गेली, आणि संपादक मात्र खांबाला मिठी मारून जागच्या जागी राहिले. क्षणभर त्यांच्याखाली काहीच नव्हते.

"पडतंय, पडतंय!" गर्दी ओरडली.

संपादक खांबावरून आगीच्या बंबावरल्या माणसासारखे सुळकन खाली घसरले आणि कवितांच्या चवडीवर अलगद येऊन टेकले. कविता मऊ निघाल्या. लागले काहीच नाही. पण कविता गाइडांवर घसरल्या, गाइडे वजन कमी करण्याच्या पुस्तकांवर, आणि सगळे दुकान फूटपाथभर पसरले.

"उठले! उठले!" 'उठा' पक्षाने टाळ्या वाजवल्या.

"उठलो नाही!" संपादक खालून गरजले. "पडलो! उठणं वेगळं आणि पडणं वेगळं!"

"सगळे असंच म्हणतात," किल्लीवाला म्हणाला, पण म्हणता म्हणता त्याने वाकून त्यांना दोन्ही हातांनी उठवले.

मग मात्र कुणी पक्ष बघितला नाही. हवालदार चौकाचे शेवटचे वळण घेत होता. 'उठा'वाल्यांनी गाइडे गोळा केली, 'बसा'वाल्यांनी कविता झटकल्या. रांगेतल्या लोकांनी हातोहात पुस्तके पुढे दिली, आणि वाटपच आहे म्हणून एकाने जवळ ठेवलेले पाकशास्त्र मावशींनी त्याच्या काखेतून काढून घेतले. औषधाच्या दुकानातला नोकर आपल्या रहस्यकथेत बोट घालून, एका हाताने काम करत होता. किल्लीवाल्याने खाकी ठोकळा खचलेल्या खड्ड्यात नीट बसवला, वर टेलिफोनांची यादी, वर यंत्रे, वर कायदे. हाताने दाबून पाहिले. चवड हलेना की डुलेना.

"बसा, संपादक," तो म्हणाला.

संपादक भीत भीत बसले. इकडे कलले, तिकडे कलले. मग त्यांनी मान वर केली. समोर चेहरे होते. घामेजलेले, धुळीने माखलेले, हसणारे चेहरे. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"झालं का मोकळं?" हवालदार येऊन म्हणाला. शिट्टी ऐकून गर्दी पांगली होती आणि फूटपाथ खरेच मोकळा होता. फक्त बाई तेवढ्या मधोमध उभ्या होत्या. त्यांना घरी जाईपर्यंतही धीर नव्हता. चामडी पिशवी पायाशी टाकून, तिसरा भाग उघडून त्या उभ्याउभ्या वाचत होत्या. हवालदाराने कारण विचारले तेव्हा मावशींनी त्याला दिवा, बाप, पोरगी, जहाज आणि भाऊ, असे सगळे एका दमात सांगितले. हवालदाराने शिट्टी खिशात ठेवली आणि तोही थांबला.

बाईंनी पान उलटले. त्यांच्या भुवया वर गेल्या. आणखी एक पान. त्यांनी हात छातीवर ठेवला. मग त्यांनी चटकन पुस्तकाची सगळ्यांत मागची पाने उघडली, काहीतरी वाचले, पुस्तक मिटले आणि डोळे पुसून त्या इतक्या गोड हसल्या की त्या चेहऱ्याने उभा जन्म 'पुढे सरका' म्हटले असेल, हे कुणाला खरे वाटले नसते.

"काय झालं?" मावशींनी विचारले. "लागलं का जहाज?"

"नाही सांगणार."

"अहो बाई, असं काय करता?" हवालदार कळवळला. "निदान दिवा लागला का तेवढं तरी?"

"शेवटच्या स्टॉपला चढायचं नसतं," बाई म्हणाल्या. "पहिल्या स्टॉपला चढा, सगळा रस्ता बघा आणि मग उतरा. पहिल्या भागापासून वाचा, म्हणजे कळेल."

"पहिला भाग कुठं मिळणार?" खारूने विचारले.

"ते मला काय माहीत, बाळा? मी वाचलेला केव्हाच जमा केला." त्यांनी संपादकांच्या हातात पैसे ठेवले. संपादक नको नको म्हणू लागले तेव्हा त्यांनी एक बोट उगारले. "फुकट प्रवास मी कुणाला करू दिला नाही. स्वतःही करायची नाही." आणि आपले जहाज काखोटीला मारून त्या तरातरा निघून गेल्या.

रस्ता पुन्हा वाहू लागला. बस गेली, हवालदार जरा नाराज होऊन चौकात गेला, कानस वाजू लागली. संपादकांनी चष्मा पुसून नाकावर ठेवला, वर्तमानपत्राची घडी सरळ केली आणि अंदाज घेत म्हणाले, "माझं मत असं झालंय, की त्या अध्यक्षांशी आधी कुणीतरी चार शब्द नीट बोलायला पाहिजेत. माणसाला खुर्ची का सोडवत नाही, ते विचारलंय का कुणी?"

"हं," किल्लीवाला म्हणाला. पण यावेळी त्याने टोमणा मारला नाही.

खारूचे मात्र तिकडे लक्ष नव्हते. तिच्या डोळ्यांपुढे काळोखातला जिना होता. ती मनातल्या मनात तो चढत होती आणि अर्ध्यावर अडकत होती. पोरगी कोण, दिवा कसला, भाऊ गेला कुठे होता, काहीच तिला माहीत नव्हते. कुठे मिळेल पहिला भाग? ती कादंबऱ्या शोधू लागली. ही नाही. ही पण नाही. शोधता शोधता सवयीने तिने अंगठा आणि मधले बोट ताठ धरले होते. तिने त्या बोटांकडे बघितले. तिसरा भाग एवढा जाड होता. आणि अख्ख्या दुकानात बरोबर एवढ्याच जाडीचे एकच पुस्तक निघाले. एवढ्याच उंचीचे, एवढ्याच रुंदीचे. एकाच मापाने बेतल्यासारखे. दोन पुस्तके इतकी सारखी कधी असतात?

ती सावकाश चवडीजवळ आली आणि खाली वाकली. ओढाताणीत खाकी कव्हर कोपऱ्यावर फाटले होते. आतून तपकिरी बांधणी डोकावत होती आणि बांधणीवर अक्षरे होती. तिने ती दोनदा वाचली.

वर आजोबा रंगात आले होते. "बसलेल्या माणसाला आधार दिला की तो आपणहून उठतो," ते सांगत होते. समोर तीन-चार चेहरे थांबून मन लावून ऐकत होते.

खारू उठून उभी राहिली. तिने आपले दप्तर उचलले, त्याचा पट्टा खांद्यावर आडवा घेतला, निळ्या प्लास्टिकला वळसा घालून ती गिऱ्हाइकांच्या बाजूला गेली, त्या तीन-चार चेहऱ्यांमधून वाट काढत अगदी पुढे येऊन उभी राहिली आणि घसा साफ करून म्हणाली,

"अहो पुस्तकवाले, जरा उठता का?"